पीटरहेडला दगडू

ह्या गावाच्या पाटीवर माझ्या पणजोबाचं नाव आहे,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच्या आधीची तीन पाळण्यातच गेली,
म्हणून आईने ह्याला दगडू म्हटलं.
दगड कोण उचलून नेतं?
मरण वाकून बघेल, पायाने लोटेल, पुढे जाईल.
मरण गेलं पुढे. गाव नाही गेलं.
गावाने नावाला शेपूट लावलं: दगड्या.
दगड्या, लांब उभा राहा.
दगड्या, ओंजळ कर, वरून ओततो.

जालन्याच्या बाजूला, कमरेएवढ्या तळ्यात
लाल मानेच्या साहेबाने विचारलं, नावाचा अर्थ काय?
ऐकून हसला, पण निराळं हसला,
आणि एका कोळ्याचं जुनं नाव त्याला दिलं
ज्याचा अर्थही दगडच.
पेत्रस. मग पाणी.
आडनाव विचारलंच नाही.
आयुष्यात पहिल्यांदा पाण्यापाशी
कुणी आडनाव विचारलं नाही.
आई मात्र मरेपर्यंत दगडूच म्हणायची,
आणि तो दोन्ही नावांना ओ द्यायचा.

मी इथे रात्रपाळीला असते,
बंदरावरच्या वृद्धाश्रमात.
छातीवरच्या बिल्ल्यावर: सँडी.
सांत्वना लिहायला जागा होती,
मॅनेजरला वेळ नव्हता.
नऊ नंबरच्या खोलीतला म्हातारा कोळीही सँडीच,
इकडे ते पुरुषाचं नाव.
कुणी हाक मारली की आम्ही दोघं वळतो
आणि तो टोपी काढल्यासारखं करतो, टोपी नसताना.
मुलगी विसरला, बायको गेली हे विसरला,
पण त्याच्या नावेचं नाव विचारा, झोपेतून सांगेल.
आमच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द, मी त्याला म्हटलं,
बुडते ती नाव, उरतं ते नाव.
त्याला कळलं नाही. किंवा कळलं.

रविवारी नातवाचा बाप्तिस्मा होता.
लेक शमुवेल, इथला सॅम. सून कर्स्टी.
मी यादी करून नेली होती:
कृपानंद, सत्यदान, आशिष.
कर्स्टी म्हणाली, क्रेग ठेवू या का, आई?
तिचा बाप. बोटीवर गेला तो आलाच नाही,
तेव्हा ही सात वर्षांची.
मी तोंडाने हो म्हटलं आणि मनात नावं ठेवली,
त्यात मी हुशार आहे.
क्रेग! करवत लाकडात अडकल्यासारखं.
ना प्रार्थना त्यात, ना काही.
मग भांडी विसळताना विचारलंच, अर्थ काय गं?
खडक, ती म्हणाली. मोठा धोंडा.
माझ्या हातून बशी निसटली.
फुटली नाही.

चर्च ह्याच गावच्या तांबूस दगडाचं,
आत नेहमीचे सतराअठरा जण.
पाळकबाईंचं नाक थंडीने लाल.
बाळाचं नाव काय, त्यांनी विचारलं.
नावच. पुढचं काही नाही.
पाणी कोमट केलं होतं, तरी क्रेग रडला.

त्या पहाटे बागेत एक बाई
माळी समजून परक्याशी बोलत होती,
आणि त्याने फक्त तिचं नाव घेतलं.
पुरावा दिला नाही. हात दाखवले नाहीत.
नाव.
मी लहानपणापासून हे ऐकत आले
आणि दर वेळी वाटायचं, बस्स, एवढंच?

बाळ माझ्याकडे आलं तेव्हा
शालीत तोंड घालून कानात कुर्र केलं.
दगडू, म्हटलं.
शेपटाशिवाय.

सोमवारी रात्री नऊ नंबरने माझा बिल्ला बोटाने उचलला.
हे माझं नाव, म्हणाला. तुझं कुठलं?
मी सांगितलं.
तो बराच वेळ चघळत बसला.
सांत. व. ना.
भाकरी मोडतात तसं.
तिसऱ्या तुकड्याला ठसका लागला.
मी पेला धरला, तो माझ्या हातून पाणी प्यायला,
मिशी पुसली,
आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.